मोरचुदाचं पाणी आणि धोंडबाचं फडकं

चौतीस वर्षं स्टील प्लांटच्या मशीन शॉपमध्ये काढलेला गडी, पण रिटायर होऊन प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर २ मध्ये पोराच्या क्वार्टरात आला, तेव्हापासून धोंडबाला कोणी काही विचारेना. दहावीतली नात साक्षी तर इथल्या पोरांसारखं सगळं हिंदीतच बोलायची. आजोबाच्या वाट्याला "हाँ" नाही तर "बाद में". त्या सकाळी मात्र ती आपण होऊन आली.

"दादाजी, मुझे आज क्लास में फेरस सल्फेट बनाकर दिखाना है. कॉपर सल्फेट में लोहे की कील डालनी है. कील आप दो, पहले घर पे करके देखते हैं."

म्हणजे मोरचुदाच्या पाण्यात लोखंड टाकायचं. लोखंड तांब्याला हुसकून त्याच्या जागी बसणार, खिळ्यावर तांबं चढणार, निळं पाणी हिरवट होणार आणि झालं हिराकस. धोंडबाची छाती फुगली. त्यानं निवडून चार खिळे घेतले, पॉलिश पेपरनं घासून लख्ख केले आणि मोरचुदाच्या पेल्यात सोडले.

पंधरा मिनिटं झाली. पाणी निळंच, खिळे चकचकीतच.

"असं कावून होऊन राहिलं?" धोंडबा पुटपुटला. मोरचूद शिळं म्हणावं तर कालच आणलेलं. गोंधळून त्यानं तांब्याची तारच टाकून पाहिली.

"ताँबा ताँबे को कैसे हटाएगा, दादाजी?" साक्षी वैतागली. "रहने दो, क्लास की उन्नती से पूछ लेती हूँ."

हे त्याला फार लागलं. लोखंडाचं कोणी दुसऱ्याला विचारावं, आणि तेही त्याच्यासमोर!

त्याची बायको गिरजाबाई चहा घेऊन आली, तिनं पेल्यात डोकावलं. "पान्यावर हा तेलाचा तवंग कायचा हो?"

धोंडबानं खांद्यावरच्या फडक्याकडे पाहिलं. घासलेलं लोखंड तेलाच्या फडक्यानं पुसल्याशिवाय खाली ठेवायचं नाही, नाही तर जंग धरतो; शॉपमधली जन्माची खोड. खिळे त्यानं कधी पुसले, त्याचं त्यालाच आठवेना.

खिळे साबणानं धुतले, पुन्हा घासले. हात पुन्हा खांद्याकडे गेला. साक्षीनं फडकं ओढून घेतलं आणि खिळे मोरचुदाच्या ताज्या पाण्यात सोडले.

दोन मिनिटांत खिळे तांबूस झाले, मग हळूहळू पाणी हिरवट. धोंडबा खुळ्यासारखा बघत राहिला. जन्मभर ज्याला जंग लागू दिला नाही, ते लोखंड डोळ्यांदेखत विरघळत होतं आणि पोर हसत होती. आनंद मानावा की हळहळावं, त्याला उमजेना.

दप्तर घेऊन साक्षी निघाली, ती फाटकापाशी थांबली.

"आबा, तुमी बी चाला ना शाळेत. पयले कावून नाई जमलं, ते तुमीच सांगा सगळ्याइले. अन् ते फडकं घ्या संगं."

धोंडबा चपला शोधू लागला. त्या पायातच होत्या.