हलणाऱ्या घरातली आफ्के

"अगं, जरा दमानं," मी म्हटलं, तेव्हा आफ्के थांबली. म्हणजे ती थांबली, तिचे पाय थांबले नाहीत. वाळूत उभ्या उभ्याच ती एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार टाकत राहिली.

"दमलीस?"

"दमले नाही. पण नदी बघायला आलोय ना आपण? तू तर तिच्याशी शर्यत लावलीस."

"नदी कुठं पळून जात नाही."

"मग तू कुणापासून पळतेस?"

ती हसली आणि पुन्हा चालायला लागली.

उजाडताच आम्ही दोघी आमच्या मुक्कामाच्या गाडीपासून निघालो होतो. एल्ब नदीच्या काठाकाठानं थेट हॅम्बुर्ग शहरात चालत जायचं, हे तिनंच ठरवलेलं. डाव्या हाताला टेकडी आणि तिच्यावर पैसेवाल्यांचे पांढरे बंगले, उजव्या हाताला नदी. मालाच्या डब्यांनी लादलेली आगबोट गेली की बऱ्याच वेळानं तिची लाट काठाला लागायची. मी ती बघत उभी राहायची आणि बूट भिजवून घ्यायची. आफ्के मात्र लाट यायच्या आधीच वर सरकलेली असायची. तिला पाण्याआधी जमीन सांगते की काय, असं मला वाटायचं.

तिचे यजमान लुप्पो रेल्वेनं पुढं येणार होते. त्यांचे गुडघे वाळूत चालत नाहीत.

"तिघांत एकच तिकीट," आफ्के म्हणाली. "वाचलेल्या दोन तिकिटांत आपली दुपारची कॉफी निघाली."

"कॉफी तर लुप्पो थर्मासमधून आणणार आहेत."

"म्हणजे ते पैसे पण वाचले!"

आफ्के माझी शेजारीण. हॉलंडच्या उत्तर टोकाला, ग्रोनिंगन प्रांतात आमचं खेडं आहे. माझे यजमान तिकडच्या साखर कारखान्यात लागले आणि आम्ही तिथलेच झालो. आफ्के तेव्हा सायकलवरून टपाल वाटायची. पाऊस असो, वारा असो, ही आपली फाटकातून आत, फाटकातून बाहेर. नोकरी सुटली, पण पायातली चाकं गेली नाहीत. लुप्पो रंगारी. दोघांनी मिळून एका पाववाल्याची जुनी गाडी घेतली. लुप्पोंनी तिच्यात फळ्या ठोकल्या, बिछाना केला, दोन चुलींचा ओटा बसवला, खिडक्यांना हिरवा रंग दिला. तिकडं असल्या गाडीला कॅम्पर म्हणतात. आफ्के मात्र नुसतं 'गाडी' म्हणते, आपण घरच्या गाईला 'गाय' म्हणावं तसं.

त्या गाडीतून त्यांनी नॉर्वेपासून पोर्तुगालपर्यंत सगळं पालथं घातलं, आणि तेही फार न खर्चता. बिछान्याखाली घरच्या बटाट्यांचं पोतं असतं, कारण परमुलखात बटाटे विकत घेणं ही त्या दोघांच्या लेखी उधळपट्टी. मुक्कामाला पैसे पडतील तिथं गाडी लावायची नाही. कधी शेतकऱ्याच्या खळ्यात, कधी पोहण्याच्या तलावामागं, आणि एकदा तर कब्रस्तानाच्या भिंतीला लागून. "शेजार फार चांगला होता," लुप्पो सांगतात, "कुणी घोरत नव्हतं." मोठ्या शहरात शिरलं की आफ्केचा एकच नियम: फुकट बघण्यासारखं सगळं बघून झाल्याशिवाय तिकिटाच्या खिडकीकडं तोंड करायचं नाही. जुन्या चर्चमध्ये हिंडायला पैसे घेतात, पण प्रार्थनेला बसणाऱ्याला कोण अडवणार? म्हणून ती प्रार्थनेच्या वेळेलाच जाते आणि मान वर करून छत बघते. तिचा देवावर फारसा विश्वास नाही. माझा आहे, म्हणून मला हे आधी खटकायचं. मग वाटलं, निदान बसते तर खरी. कोणत्या दारानं कोण आत येईल, आपण कोण सांगणार?

या वसंतात माझे यजमान भावाच्या ऑपरेशनसाठी कऱ्हाडला गेले होते. आफ्के दारात येऊन उभी. "शालन, एकटी भिंती कसल्या बघत बसतेस? ड्रायव्हरच्या डोक्यावरची झोपायची फळी रिकामी आहे, चल." मी गेले. पण ही सहल नेहमीसारखी नव्हती, हे पहिल्याच मुक्कामाला कळलं. ती बसेचना. जेवतानाही एक पाय दाराबाहेर.

बंगले संपून वस्ती लागली, तेव्हा तिनं मनातलं काढलं.

"सोमवारी नव्या घराची किल्ली मिळणार."

"ठाऊक आहे की. गाव वाट बघतंय."

"आणि त्यानंतरच्या शनिवारी गाडी विकत घेणारा माणूस ती न्यायला येतोय. लुप्पोनं शब्द दिलाय त्याला. मला न विचारता दिला नाही, विचारलं त्यानं. मी म्हटलं, तुला वाटेल ते कर. तेव्हा मला वाटलं नव्हतं की त्याला असं काही वाटेल."

आमच्या भागात जमिनीखालून वर्षानुवर्षं गॅस काढला आणि जमीन हलायला लागली. मोठी नाही हलत. खिडकीची काच तेवढी वाजते, भिंतीत एक रेघ उमटते, पुढच्या वर्षी त्या रेघेत बोट जातं. आफ्केचं घर विटांचं, तिच्या आज्यानं बांधलेलं. ते शेवटी पाडावं लागलं. नवं बांधून होईपर्यंत दोघांना एका डब्यासारख्या तात्पुरत्या घरात ठेवलं. लुप्पो तिथं झोपायचे. आफ्के त्यांचा डोळा लागला की उठून दारातल्या गाडीत जायची. गावात बहुतेकांना माहीत होतं. लुप्पोंना माहीत नाही, असं ती धरून चालली होती.

"जुन्या घरात मी उशाशी पाण्याचा पेला ठेवायचे," ती सांगत होती. "पाणी हललं की खाली पळायचं. मग पुढं पुढं नुसती पाण्याकडंच बघत पडायला लागले. गाडीत तसं नाही गं. गाडीत पाणी हललं तर हलायलाच हवं. लुप्पो कुशीवर वळला तरी हलतं. तिथं मला झोप लागते."

"नवं घर मजबूत बांधलंय. घराच्या पायाखाली रबर घातलंय म्हणतात."

"तू पण त्या इंजिनिअरसारखीच बोलायला लागलीस! तू पाटणची ना? तुझी आई काय करायची सांगितलं होतंस?"

कोयनेच्या बाजूला माझं बालपण गेलं. मांडणीवरची भांडी खुळखुळली की आई आम्हाला दंडाला धरून अंगणात काढायची, आणि सगळं शांत झालं तरी तुळशीपाशी बसवून ठेवायची. घर मजबूत आहे, असं बाबा आतून ओरडायचे. ती ऐकायची नाही.

"बघ," आफ्के म्हणाली, "घर कितीही मजबूत असलं तरी ते उभंच राहणार. गाडी निदान चालू तर करता येते."

बंदरावरच्या मोठ्या चर्चपाशी लुप्पो बाकावर बसले होते, मांडीवर थर्मास, शेजारी पावाची पिशवी. आम्हाला बघून त्यांनी घड्याळाकडं बोट दाखवलं.

"चालत आलात की पोहत? बाराची प्रार्थना सुरू होतेय. नंतर आत जायचे पैसे घेतात."

"मग उठ ना, म्हाताऱ्या! बाकाला चिकटलास काय?"

आम्ही मधल्या रांगेत बसलो. लुप्पो तिच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. पांढरं, सोनेरी, उजेडानं भरलेलं मंदिर होतं. मी हात जोडून आपलं मनातल्या मनात रामरक्षा म्हणायला घेतली. दिराचं ऑपरेशन त्याच दिवशी होतं. पाद्री थोडं बोलले आणि मग वरच्या सज्ज्यातला ऑर्गन सुरू झाला. आधी बारीक सूर, पाखरांसारखे. मग वाजवणाऱ्यानं पायाखालची पट्टी दाबली असावी. इतका खालचा सूर निघाला की तो कानाला कमी आणि बाकाला जास्त ऐकू आला. लाकूड थरथरलं. माझ्या मांड्यांना ते कळलं.

आफ्के ताडकन उठली. "बाहेर! सगळे बाहेर!" ती आमच्या गावाकडच्या बोलीत ओरडली, आणि माझा हात धरून रांगेतून सुटली. लोकांच्या पायांवरून, पिशव्यांवरून. एका बाईंची टोपी पडली. दार ढकलून आम्ही पायऱ्यांवर आलो तेव्हा समोर चौकात मुलं आइस्क्रीम खात होती, एक माणूस सायकलला कुलूप लावत होता, आणि जमीन जिथल्या तिथं होती.

ऑर्गन आत वाजतच होता.

तिनं माझा हात सोडला. चेहरा पांढराफटक. "बाजा होता," ती म्हणाली.

"हो."

"किती बावळट मी!"

"मीही उठलेच ना तुझ्याबरोबर," मी म्हटलं. ते काही पूर्ण खरं नव्हतं, मला उठवलेलं होतं. पण खोटंही नव्हतं.

लुप्पो बऱ्याच वेळानं बाहेर आले. एक पायरी, थांबा, पुढची पायरी. पावाची पिशवी ते विसरले नव्हते. आम्ही बाकावर बसलो. त्यांनी चीज घातलेले पाव वाटले, थर्मासच्या झाकणात कॉफी ओतली, ते आधी मला दिलं.

"त्या बाईंची टोपी उचलून दिली," लुप्पो म्हणाले. "सांगितलं, आम्ही ग्रोनिंगनचे. बाईंना वाटलं आमच्याकडं अशीच प्रार्थना करतात."

मी हसले. आफ्के हसली नाही.

"बाक हलला तेव्हा मीही अर्धा उठलो होतो, आफ्के," ते म्हणाले. "मलाही वाटलं, धक्का आला. फरक एवढाच, तुझ्या दोन बाजूंना दोन माणसं होती आणि तू शालनचा हात धरलास."

आफ्केनं पाव खाली ठेवला.

"तिला जोरात चालता येतं म्हणून असेल," ते पुढं म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. आमच्याकडची माणसं आवाज चढवत नाहीत, म्हणूनच जास्त लागतं. "आणि तू उठून गाडीत जातेस तेव्हा मी जागा असतो. दार हळू लावतेस, चांगलं आहे. मग मी पडून छताकडं बघतो. ते कोसळायचं असेल तर माझ्या एकट्यावर कोसळेल, असं म्हणतो."

"मला हाक का नाही मारलीस?"

"तू मला मारलीस?"

"तुला झोप हवी असते. गुडघे..."

"गुडघ्यांचं राहू दे. गाडी मला नकोशी झालेली नाही. तिची एकेक फळी मी ठोकलीय. पण ती दारात राहिली तर नव्या घरात मी राहणार आणि दारात तू. तसं म्हातारपण मला नको. घर पडलं तर दोघं पळू. तू दोन पायऱ्या थांबलीस तर."

आफ्के उठली, बाकाभोवती एक फेरी मारली, परत बसली, परत उठली. लुप्पोंनी तिचा उरलेला पाव कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला. आमच्याकडं अन्न टाकत नाहीत, मग भांडण कितीही मोठं असो.

त्या दुपारी शहर बघितलं, पण काय बघितलं ते सांगता येणार नाही. पुलावरून पाणी बघितलं, विटांची उंच गोदामं बघितली. आफ्के दहा पावलं पुढं जायची, मग मागं बघायची, मग उभी राहायची. लुप्पो पोचले की पुन्हा पुढं. असं तिला कधीच जमलं नव्हतं, आणि त्या दिवशीही धड जमत नव्हतं. उभी राहिली की तिच्या हाताची बोटं कोटाच्या बटणाशी चाळा करत. लुप्पोंना ते दिसत होतं. एका पुलावर ते तिच्याजवळ पोचून नदीकडं बघत म्हणाले, "याहून वाईट दिवस झालेत." आमच्या प्रांतात यापेक्षा गोड कुणी बोलत नाही.

संध्याकाळी लुप्पो रेल्वेनं परत निघाले. त्यांनी आमच्यासाठीही तिकिटं काढायला हात खिशात घातला, तर आफ्के म्हणाली, "मी चालत येते. शालन, तू जा हवं तर." तिचा चेहरा बघून मी तिच्याबरोबर राहिले. पायांना फोड आले होते, पण रामाचं नाव घेतलं आणि निघाले.

परतताना ती माझ्या चालीनं चालत होती. नदीवर अजून उजेड होता. वाळूत कुणीतरी शेकोटी पेटवत होतं. दिराचं ऑपरेशन नीट झाल्याचा निरोप मधेच आला, तो तिला सांगितला. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो काही पावलं तसाच राहू दिला.

"गाडी जाऊ दे," मग ती म्हणाली. "त्याचं बरोबर आहे. मला ते घर सोसणार नाही, पण जाऊ दे."

"थोडे दिवस जातील, मग..."

"काही मग नाही. मी जागीच राहणार आहे, मला माहीत आहे. पण त्याच्या शेजारी जागी राहीन."

ती थांबली. या वेळी पायही थांबले.

"एक करशील? आमची गल्ली अरुंद आहे. गाडी उलटीच काढावी लागते, आणि चालवणाऱ्याला मागचं काही दिसत नाही. इतकी वर्षं मीच मागं उभी राहून हात दाखवते, लुप्पो माझ्या हाताकडं बघून चाक फिरवतो. शनिवारी तो माणूस आला की ते माझ्यानं होणार नाही. मी हात दाखवायला उभी राहिले तर 'थांब' म्हणूनच दाखवीन, आणि तो थांबेल. मला लुप्पोबरोबर घरात बसू दे. तू उभी राहा मागं, शालन. कुंपणाला लागू देऊ नकोस, आणि मी खिडकीतून काही ओरडले तरी त्याला थांबवू नकोस. राहशील?"