चार बोटं वर

मनुबाईची सुकट अर्धीच निवडून झाली होती, तेवढ्यात दाराशी रिक्षा थांबली. दीर नाथाने धाकूला, तिच्या नवऱ्याला, धरून आत आणलं, खाटेवर बसवलं. एक्स-रेच्या फोटोचं पाकीट भिंतीला टेकवून म्हणाला, "हाड तसंच आहे, वहिनी. तसूभर जुळलं नाय."

सात महिने झाले. कोपरच्या खाडीत होडीतून उतरताना धाकूची नडगी मोडली. दोनदा प्लास्टर घातलं, हाड जुळेना. मग कल्याणच्या डॉक्टरांनी यंत्र दिलं. प्लास्टरवर कडं चढवायचं, बटण दाबायचं. चुंबकाचे ठोके आत जाऊन हाडाला जाग आणतात म्हणे. रोज आठ तास, तीन महिने. नाहीच जुळलं तर ऑपरेशन करून कमरेच्या हाडाचा तुकडा नडगीत बसवायचा. मनुबाईने एक तास चुकवला नव्हता. शुक्रवारी लाईट गेली तर ते तास शनिवारी भरून काढले होते.

"डॉक्टर विचारत होते, कडं त्यांच्या फुलीवरच बसवता ना?" नाथा म्हणाला.

मनुबाईचा हात सुपातच थांबला. हाड मोडलं तिथे डॉक्टरांनी प्लास्टरवर पेनाने फुली मारली होती, आणि नेमका त्याच फुलीवर तिने एकवीरा आईचा गंडा बांधला होता. आईचा धागा दाबायचा नसतो, म्हणून कडं चार बोटं वर. तीन महिने!

धाकू म्हणाला, "काय गो, माझं चांगलं हाडच मजबूत करत बसलीस?"

"तुम्ही तरी बोलायचं होतं!"

"मला काय कळतंय? त्याची ना कळ, ना गुदगुली."

"आणि यंत्र एकच आहे," नाथा म्हणाला. "सोमवारपासून शीळफाट्याच्या सखारामची पाळी. तो दीड महिना थांबला तर यंत्र आपल्याकडे ठेवायला डॉक्टरांची ना नाही. नाहीतर ऑपरेशन."

मनुबाई तणतणत उठली. देव्हाऱ्यासमोर हात जोडले खरे, पण तोंडून निघालं, "आई, तू तरी सांगायचं होतंस!" गंडा सोडला, धाकूच्या मनगटाला बांधला. कडं फुलीवर ओढून बटण दाबलं. "हलू नका आता!"

सखारामचाही पाय मोडलेलाच. त्याच्यासमोर उभं राहून 'दीड महिना थांब' कसं म्हणायचं? पण जायला तर हवंच. उद्या सकाळची पहिली एस.टी. धरून शीळफाट्याला सखारामच्या घरी.