तात्या हाक मारत नसत

आमच्या तात्यांना मी कधी ओरडताना ऐकलं नाही. पल्याडच्या बांधावर कुणाशी बोलायचं असलं, तर ते अख्खं उसाचं रान ओलांडून जात आणि जवळ गेल्यावरच तोंड उघडत. एकदा म्हैस शेजाऱ्याच्या शाळवात, उभ्या ज्वारीत शिरली, तेव्हाही चालतच गेले. काकू कपाळावर हात मारून म्हणाल्या, "आवं, एक हाळी द्यायची की!"

"न्हाई जमत मला," तात्या म्हणाले.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे माझं बालपण त्यांच्याच मागं मागं गेलं. भावकीत त्यांना ‘मुका तात्या’ म्हणायचे. ते हसून सोडून द्यायचे.

नदीवरच्या मोटारीच्या पाइपाला कचरा अडकला की पाण्यात उतरावं लागे. तात्या उतरण्याआधी पाव पाव तास काठावर नुसते उभे राहत. "कुणाची वाट बघताय?" मी विचारायचो. "कुणाची न्हाई. बघतोय," एवढंच उत्तर.

काकू गेल्यानंतरच्या मार्चमधली गोष्ट. मी साताऱ्यात नोकरीला. माझ्या आठ वर्षांच्या रेवाला तंबूत राहायचं होतं, म्हणून सांगलीच्या अलीकडं, कृष्णाकाठच्या एका नव्या पार्कात शनिवार-रविवारचं ठरवलं. वाटेत गावाकडून तात्यांना घेतलं. नदीकाठी जायचंय हे गाडीत बसल्यावर कळलं, तसे ते खिडकीबाहेर बघत राहिले.

तंबू हिरवळीवर, पाण्यापासून दहा पावलांवर होते. तात्या काठानं एक फेरी मारून आले. "तंबू वर घ्या," ते राखणदाराला म्हणाले.

"काय होत न्हाई, बाबा. रोज माणसं राहत्यात."

तात्यांनी चिखलातली गुळगुळीत, ओली घसरण दाखवली. "ही कुणाची?"

"म्हशी उतरत्यात."

"मग खूर कुठायत?"

राखणदार दुसरीकडं बघू लागला. आणि मी? मला चारचौघांत अवघडल्यासारखं झालं. म्हणालो, "तात्या, एका रात्रीचा तर प्रश्न आहे." रात्री ते जेवायला बसले तेही पाण्याकडं तोंड करून.

सकाळी मी तंबू आवरत होतो, संगीता, माझी बायको, पिशव्या भरत होती. तात्या चहा आणायला वर गेले होते. तेवढ्यात रेवा चपला धुवायला पाण्यात उतरली. मी मान वर केली तेव्हा तात्या परतत होते. त्यांनी चहाचे कप गवतावर ठेवले आणि सावकाश तिच्याकडं निघाले. मग मला दिसलं. रेवापासून दहा-बारा हातांवर एक ओंडका होता, आणि त्याला डोळे होते.

माझ्या गळ्यात हाक आली. तात्यांनी मागं न बघता हात वर करून मला थांबवलं.

"रेवा बाळा, हिकडं बघ माझ्याकडं. आता ये. पळायचं न्हाई. हळू."

बोलत बोलत ते पाण्यात शिरले आणि तिच्या पुढं जाऊन उभे राहिले. रेवा बाहेर आली, मी तिला उचललं. तात्या तोंड पाण्याकडंच ठेवून एकेक पाऊल मागं आले. ओंडका खाली गेला. पाण्यावर साधा तरंग उठला नाही.

गाडीपाशी आल्यावर तात्या खालीच बसले. संगीतानं दिलेलं पाणी त्यांनी बाजूला ठेवलं.

"बबन बुडला न्हाई," ते म्हणाले.

बबन त्यांचा धाकटा भाऊ. दहाव्या वर्षी नदीत बुडून गेला, असंच आम्ही ऐकत आलो होतो.

"मी पंधराचा हुतो. गावच्या घाटाखाली त्यो पाण्यात, आन् मागं मगर. मी जीव तोडून वरडलो. त्यो दचकला, पळाय गेला, घसरून आत पडला. मी गप ऱ्हायलो असतो तर आला असता बाहेर."



त्यानंतर तात्या खचतच गेले. दिवाळीनंतर अंथरुणाला खिळले. एका दुपारी मला जवळ बोलावलं. "माझी रक्षा मळ्यात नको. घाटाखाली सोड. लय वर्सं झाली, एकटाच हाय त्यो."

आठवड्याभरात तात्या गेले. तिसऱ्या दिवशी घाटाच्या शेवटच्या पायरीवरून मी गुडघाभर पाण्यात उतरलो. पाणी गढूळ होतं, माझेच पाय मला दिसत नव्हते. वरून सगळे मला लवकर बाहेर ये म्हणत होते. रक्षा पार दिसेनाशी होईपर्यंत मी जागचा हललो नाही.