उपाशी गोधडी

आमच्या चर्चच्या आवारात महिन्यातून एका रविवारी, मिस्साची प्रार्थना संपल्यावर, एक टेबल मांडलं जातं. त्यावर जालना जिल्ह्यातल्या बायकांनी शिवलेल्या गोधड्या असतात. मध्ये दलाल नाही; रास्त भाव, आणि तो सरळ शिवणारीच्या हातात. आमचे हे गेल्यावर रविवार खायला उठू लागला, तेव्हा त्या टेबलामागची खुर्ची मी मागून घेतली.

नाताळाच्या आधी तक्रार आली. एका गिऱ्हाइकाच्या कपाटात मुंग्या झाल्या आणि गोधडीचा कोपरा उसवला तर आत वाळलेल्या भाकरीचा तुकडा! चर्चच्या समितीने ठरवलं, कुणीतरी जाऊन सांगायचं: भाकरी बंद, नाहीतर टेबल बंद. "तुम्हीच जा ना," सेक्रेटरीबाई सहज म्हणाल्या, "तुमची घरी कोण वाट बघतंय?"

खरंच होतं. निघाले.

पुण्याहून सकाळची एसटी धरली तर जालन्याला पोचेपर्यंत दिवस कलतो. नगरला चहा घ्यावा, जेवण मात्र औरंगाबादलाच. जालन्याच्या स्टँडसमोरचा लॉज स्वच्छ आहे, पण एकट्या बाईने ओळखपत्र हाताशी ठेवावं. "साथ में कौन है?" मॅनेजरने पुन्हा पुन्हा विचारलं. कुणी नाही, असं म्हणून मी ओळखपत्र पुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी मंठ्याची गाडी आणि वाटूरचा फाटा. मोसंबी इथेच घ्या, पुण्यापेक्षा गोड आणि स्वस्त. पुढे मोबाइल चालत नाही. तसाही माझा कुठे वाजतो!

फाट्यावर तिथल्या मिशनच्या सिस्टर लूसी जीप घेऊन आल्या होत्या. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. छोट्या चर्चच्या ओसरीवर बायका शिवत बसलेल्या. कुणी रामराम केला, कुणी जय भीम, कुणी जय ख्रिस्त. जुन्या लुगड्यांचा तो वास आला आणि मला आमच्या कॉन्व्हेंटमधला शिवणाचा तास आठवला.

निरोप सांगितला. सुया थांबल्या.

"भाकर न्हाई?" सगळ्यांत वडील कौसाबाई म्हणाल्या. "अवं बाई, गोधडी उपाशी ठिवायची? उपाशी गोधडीत झोप लागती व्हय?"

"मुंग्या लागतात हो."

"मंग लागू द्या की. तिच्या वाट्याचं खात्यात, तुमच्या न्हाई."

हशा पिकला. त्यांच्यातली सुनंदा तेवढी हसली नाही. "मावशे, तिकडचं टेबल बंद झालं तर? पोरीला जालन्याला कालेजात ठिवलंय, सगळा खर्चा या शिलाईवर हाय."

"मंग तू शिव. मी न्हाई कुनाला उपाशी धाडत." कौसाबाईंनी सुई खरोखरच खाली ठेवली. मग एकेक करून बाकीच्यांनीही ठेवली. सुनंदाचे डोळे भरले. मला वाटलं, कशाला आले मी!

जेवायला पिठलं, भाकरी, ठेचा. कौसाबाई शेजारीच बसल्या.

"घरी कोन कोन हाय?"

"मीच."

"मंग सैपाक कुनासाठी करता?"

"करतेच असं नाही. चहाबरोबर ब्रेड चालतो."

त्यांनी थट्टा केली नाही. आपल्या भाकरीतली अर्धी मोडून माझ्या ताटात सरकवली.

ती खाताना कॉन्व्हेंटमध्ये शिवण शिकवणाऱ्या आमच्या मदर आठवल्या. हातरुमालाचा शेवटचा कोपरा त्या उघडा ठेवायला लावत. त्यांनी बघितल्यावरच तो शिवायचा. मी म्हटलं, "कौसाबाई, एक कोपरा उघडा ठेवला तर? सोबत सुईदोरा देऊ. ज्याची गोधडी, त्याने आपल्या घरचा घास घालावा."

"अन् न्हाई घातला तर?" सुनंदाने विचारलं.

"तर त्याची झोप त्याच्यापाशी," कौसाबाई म्हणाल्या. "बराबर हाय. ज्याच्या अंगावर, त्यानंच खाऊ घालावं. पर सांगायचं मातर समद्यांला." आणि हात धुऊन त्यांनी सुई उचलली.

निघताना त्यांचीच एक गोधडी घेतली, पूर्ण भाव देऊन.

टेबल चालू आहे. प्रत्येकाला मी कोपऱ्याची गोष्ट सांगते. कुणी तो तसाच शिवून टाकतं, एका आजींनी नाताळच्या केकचा चुरा घातला. माझी गोधडी मात्र घरी खुर्चीवर घडी करून पडून होती, कोपरा उघडा. तिच्यात घालण्यासारखं काही घरात शिजतच नव्हतं.

परवा संध्याकाळी ज्वारीचं पीठ आणलं. पहिली भाकरी तव्यावर टाकतानाच फाटली, दुसरी फुगली. तिचा पहिला घास काढून निववला, कोपऱ्यात ठेवला आणि मदरांनी शिकवलेल्या बारीक टाक्यांनी शिवला. उरलेली भाकरी ताट घेऊन, नीट बसून खाल्ली.

मुंग्या येतील. येऊ देत. तेवढंच घरात कुणीतरी.