आमच्या अंगणातला बरमा

माझ्या एका तरी शब्दावर इस्वास ठिवून दावा, बायांनो! न्हाय ठिवनार तुमी. चुलीतली राख रोज काढली तरी रोज साठती, तसे माझ्याकडं अंगणातल्या बरम्याचे किस्से. मालक मिलिटरीतनं तिकडं बरमदेशात जपान्यांशी लढाईला गेले, तवापासनं साठल्यात.

*

पहिलं पत्र शाळेच्या मास्तरांनी वाचलं. तिकडं घरं लाकडी खांबांवर, खाली डुकरं-कोंबड्या, वर मानसं.

म्या शेजारच्या गंगूला सांगितलं, "तिथल्या घरांना पाय असत्यात. पूर आला की घरं चालत जात्यात!"

गंगूनं ते अख्ख्या आळीत पसरवलं. सांजंला सासूबाई हळूच इचारतेत, "व्हय गं, मग माघारी येतेत का?"

*

पत्रातलं गावाचं नाव मिलिटरीच्या साहेबानं काळ्या शाईनं बुजवलेलं. ऱ्हायलं काय? नदी, भाताची खाचरं, चार वस्त्या, टेकडीवर देऊळ. म्या अंगणात राखेची नदी वढली, दगडांच्या वस्त्या मांडल्या. नावं आपल्याकडल्या गावांचीच! थोरली ती बेंबळी, बाजाराची ती कळंब. मालकांच्या वस्तीचा दगड नदीच्या अल्याड, दाराजवळ.

मास्तर म्हनले, "अल्याड कशावरून?"

"यायला जवळ पडंल, मास्तर!"

*

एकदा गंगूची म्हैस बरम्यातनं गेली. चारी वस्त्या उधळल्या! म्या दगड परत लावले, तर गंगू मालकांच्या दगडाला म्हनती, "दाजी, लागलं तर न्हाय ना?"

लई हसलो. नवऱ्याचं नाव घ्यायची सोय नव्हती आमाला. पन घरात कुनी नसलं की म्या बी त्या दगडाशी बोलायची.

*

निजामाचा शिपाई आला. "ये क्या है?"

"बरमा हाय, साहेब. पाय उचला, नदीत उभे हाव तुमी."

गड्यानं उचलला की! वर बूट बी झटकला!

*

मग पत्रं थांबली. लढाई सरली. एक दिवस उमरग्याकडला गडी आला, मालकांच्याच पलटणीतला. म्या अन् गंगू दारातच बसलेलो. बसा म्हनलं, बसला न्हाय. दगडांकडं बघतच ऱ्हायला. ही कोनती वस्ती, ती कोनती, म्या सगळं सांगितलं.

त्यानं वाकून मालकांचा दगड उचलला, राखेची नदी वलांडली, अन् पल्याड नेऊन ठिवला.

"वयनी, ती वस्ती पल्याड व्हती."

अन् डोईची टोपी काढली.

गंगू हसली न्हाय. म्या उठले, अन् पायानं नदी पुसून टाकली.

जावा आता. अंगण झाडायचंय मला.