हवालदारीण आणि उजेडाच्या माश्या

आमच्या प्रयोगशाळेत साहेब नावाला. राज्य हवालदारणीचं. तिचं खरं नाव विचारायची कुणाची टाप नव्हती. मी बरण्या धुणारी, म्हणजे तिच्या लेखी झुरळाच्या जेमतेम वर.

तिचं काम कणभर परोपजीवी माश्या पाळायचं. या माश्या किडीच्या अंड्यात अंडं घालतात. अळी जन्मायच्या आधीच खलास, आणि अंडं काळं. हवालदारीण पतंगाची अंडी कार्डावर चिकटवून बरणीत माश्यांपुढे ठेवायची. काळी झालेली कार्डं शेतकरी पिकात टांगायचे, म्हणजे त्यातून निघालेल्या माश्या तिथल्या किडीचा बंदोबस्त करायच्या. पण या बयांना उजेडाचं भारी वेड. तो एकाच बाजूने आला की सगळ्या तिकडे गर्दी करतात आणि बाकीची अंडी तशीच पांढरी राहतात. म्हणून ती पडदे लावून चारी बाजूंनी सारखा, मंद उजेड ठेवायची. बावीस वर्षं तिची कार्डं काळीकुळकुळीत निघाली.

गेल्या वर्षी मात्र भर दुपारी ओरडायला लागली, "खोलीत अंधार कोणी केला गं?" पडदे सताड उघडले. मग टेबलावरचा दिवा बरण्यांना खेटून ठेवला. कार्डावर एका कडेला काळा पट्टा, बाकी पांढरं. शेतकऱ्यांच्या तक्रारी आल्या. साहेबांनी बजावलं, "आणखी एकदा असं झालं, तर खोली दुसऱ्याकडे. तुम्ही टपालावर शिक्के मारा."

तिचा जीव त्या खोलीत. तिने माश्यांना आळशी म्हटलं, पतंगाला नासका म्हटलं, माझ्या बरण्यांना साबणाचा वास येतो म्हणाली. मी मुकाट्याने चारचारदा धुतल्या. खरं तर मला केव्हाच कळलं होतं. ती कार्ड नाकाला लावून बघायची, आणि एकदा तर मीच उभी आहे असं समजून तिने कपाटालाच झापलं होतं. पण तोंड उघडून बोलणी खायची हौस कुणाला?

पुढची कार्डंही फसली. खोली गेली. मग तिच्या लेकीने तिला धरून डॉक्टरकडे नेलं, तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू!

ऑपरेशननंतर ती काळा चष्मा लावून आली. तडक खोलीत शिरली, चष्मा काढला आणि फसलेलं एक कार्ड हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली.

"तुला दिसत होतं हे?"

"हो."

"मग बोलली का नाहीस, भवाने?"

"तुमची भीती वाटायची."

झापायला तोंड उघडलं तिने. मग मिटलं. मला इतकं वाईट वाटलं, की त्यापेक्षा झापलं असतं तर बरं.

"म्हणजे दोष डोळ्यांचा नव्हता," असं म्हणून ती शिक्के मारायला गेली.