नई सडकेमागचा समुद्र

"हात दाखवा."

दार उघडलं की नमस्कार नाही, या-बसा नाही, आधी हे. आपण दोन्ही तळवे पुढे करायचे आणि साहेबांनी वाकून ते हुंगायचे. साबण, अत्तर, डासांचं मलम, कसलाही वास आला की माणूस अंगणातल्या नळाकडे परत. शाळेत नखं तपासणारे मास्तर तुम्हीही पाहिले असतील. पण स्वतःच्या दारात पाहुण्यांची तपासणी करणारे मी हे एकच पाहिले. एकदा मी गमतीनं हातांबरोबर उजवा पायही पुढे केला. त्यांनी तो गंभीरपणे न्याहाळला आणि म्हणाले, "हा बाहेर ठेवा."

कारण आत समुद्र होता. ग्वाल्हेरात. ज्या गावात मे महिन्यात कावळासुद्धा कूलरच्या पाण्यावर हक्क सांगतो, त्या गावात, नई सडकेमागच्या गल्लीत, या माणसानं बैठकीच्या भिंतीएवढी काचेची टाकी बसवली होती. मुंबईहून पोत्यांनी मीठ येई, ते गाळलेल्या पाण्यात कालवून साहेब समुद्र तयार करत. त्यात खडक, वाळू, दोन लाल पट्ट्यांच्या कोळंब्या, एक निळाशार मासा आणि नारिंगी माशांची एक जोडी. ही जोडी राहायची एका हलत्या फुलात. फूल म्हणजे फूल नव्हे. तो समुद्रातला प्राणीच, दिसतो फुलासारखा. साहेब कारखान्यातून इंजिनीअर म्हणून निवृत्त झालेले. पण भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना 'समंदरवाले बाबूजी' म्हणत, आणि ते त्यांना मनातून आवडे.

माझं चष्म्याचं दुकान. तिथेच ओळख झाली.

"चष्मा नको, भिंग द्या. माशाच्या अंगावरचा कण दिसला पाहिजे."

"कसला कण?"

"तुम्हाला नाही समजणार."

हे त्यांचं पालुपद. पण पुरुषाला एवढं ऐकवून झालं की मग ते स्टूल ओढून बसत आणि सगळं समजावून सांगत, मागे गिऱ्हाईकं ताटकळली तरी. काकूंना मात्र नुसतंच पालुपद मिळे.

काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. बुटक्या, हसऱ्या, आणि जिभेला अशी धार की कापलेलं घरी गेल्यावर समजावं. नवा मासा आला की साहेब त्याला थेट समुद्रात सोडत नसत. कुठला रोग घेऊन आला असेल म्हणून मागच्या पडवीतल्या लहान टाकीत कित्येक दिवस वेगळा ठेवत. काकू म्हणाल्या, "आमच्याकडे आता मासे बाहेर बसतात. सासूबाई असत्या तर त्यांना फार बरं वाटलं असतं."

साहेब हसले नाहीत. ते ऐकतच नव्हते.

उन्हाळ्यात वीज गेली की घरातला इन्व्हर्टर टाकीला. पाणी थंड ठेवायचं यंत्र चालू, माणसांचा पंखा बंद. काकू हातपंखा घेऊन टाकीजवळ बसत आणि कधी गार काचेला गाल लावत. साहेब पेपरामागून म्हणत, "गाल काढ, डाग पडतो." गाल निघे. डाग कुठे पडला, ते तुम्ही ठरवा.

त्या नारिंगी जोडीवर काकूंचा जीव. पोळ्या लाटता लाटता त्यांच्याशी बोलत. साहेबांनी एकदा मला कानात सांगितलं, "त्यातली मोठी ती मादी. घर तिचं चालतं, नर तिच्या हुकमात. हे हिला सांगू नका." मी हे गुपित आजवर पाळलं, बघा, किती सज्जन आहे मी.

मग एकदा निळ्या माशाच्या अंगावर पांढरे कण दिसले. "रवा पडलाय हो याच्यावर," काकूंनीच आधी पाहिलं. मासा खडकाला अंग घासायला लागला. साहेब भिंग डोळ्याला लावून दिवसभर उभे. मला म्हणाले, हा बारीक जीव आहे, कातडीत घुसतो. पोट भरलं की गळून वाळूत पडतो, तिथे त्याची फुटून शेकडो पिल्लं होतात आणि ती पुन्हा माशावर चढतात. औषध तांब्याचं. पण ते फक्त लहान टाकीत, मासे तिथे हलवून. मोठ्या टाकीत तांब्याचा अंश जरी गेला तरी फूल आणि कोळंब्या खलास. मोठी टाकी बिनमाशांची ठेवायची; खायला कोणी नाही म्हटल्यावर रोग आपोआप उपाशी मरतो.

हे सगळं त्यांनी मला सांगितलं. चष्मेवाल्याला. काकू तेव्हा दोन हातांच्या अंतरावर चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "मग मी काय करू?"

"तू चहा दे. तुला नाही समजणार."

त्या वेळी मासे वाचले. साहेब गल्लीतून असे चालत, जणू मुरारच्या छावणीतून सलामी घेऊन आले आहेत.

पुढच्या वर्षी त्यांच्या छातीत कळ आली. मुलगा बंगळूरूहून आला आणि त्यांना ऑपरेशनसाठी दिल्लीला घेऊन निघाला. काकूंनीही पिशवी भरली होती. साहेब गाडीत बसता बसता म्हणाले, "तू आलीस तर समुद्राकडे कोण बघणार?" काकूंनी पिशवी पुन्हा आत नेली.

आणि नेमका तेव्हाच रवा पुन्हा पडला. काकूंनी दिल्लीला फोन लावला. साहेब ऑपरेशन होऊन पडलेले, धाप लागलेली. म्हणाले, "तांबं घाल." काकूंनी विचारलं, "कसं, कुठे?" तर म्हणाले, "बाकी तुला नाही समजणार. घाल फक्त." आणि फोन मुलाकडे गेला.

मी त्या दिवसांत भाचीच्या लग्नाला इंदूरला होतो. परत आलो, चौकशीला गेलो. काकूंनी दार उघडलं. मी हात पुढे केले, त्यांनी ते पाहिलेसुद्धा नाहीत. आत टाकीचं पाणी दुधाळ झालं होतं. फुलाचा चिखल झाला होता. कोळंब्या उलट्या. निळा तळाशी आडवा, आणि नारिंगी जोडी कुठेच नव्हती. वाळूत, फूल होतं त्याच्या शेजारी, देवघरातलं पंचपात्र ठेवलेलं. पळी, ताम्हन, गडवा, सगळं.

"चिंचेनं घासून, आंघोळ करून घातलं," काकू म्हणाल्या. "तांबं घाल म्हणाले, घरातलं होतं नव्हतं ते घातलं. देव पाटावर कोरडे बसलेत."

त्यांना कसली बाटली, कसलं औषध, कधी दाखवलंच नव्हतं. आपल्या घरात तांबं म्हणजे काय, ते तुम्हालाही माहीत आहे.

साहेब परतले. काठी टेकत टाकीपर्यंत गेले. मग वळून बायकोला म्हणाले, "हात दाखव."

चाळीस वर्षांच्या संसारात हे त्यांनी तिला पहिल्यांदा म्हटलं असावं. काकूंनी दाखवले. चिंचेनं भेगाळलेले तळवे. साहेब हुंगायला वाकले नाहीत. म्हणाले, "हे हात पुन्हा काचेला लागता कामा नयेत."

त्या दिवसापासून त्या घरात पालुपदाचा मालक बदलला.

"माझी गोळी कुठे आहे?"

"मला नाही समजणार."

"आमटी अळणी का?"

"मीठ किती घालायचं ते मला नाही समजणार. तुमच्याकडे पोती आहेत, विचारा त्यांना."

त्या हसत नव्हत्या. मी असे वाद पुष्कळ पाहिलेत, त्यात माणसं भांडतात. इथे भांडण नव्हतं, वसुली होती.

थंडीच्या सुरुवातीला साहेब दुकानात आले आणि भिंग काउंटरवर ठेवलं. "परत घ्या. बघायला काही उरलं नाही." मग स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "लहान टाकीत. एवढंच म्हणायचं राहिलं माझ्याकडून."

"हे मला सांगून काय उपयोग, साहेब? घरी सांगा."

"तिला काय सांगायचं? तिला नाही..." म्हणाले आणि थांबले. मग उठून गेले. वाक्य याही वेळी अर्धंच राहिलं.

त्याच थंडीत ते गेले. घरी सांगितलं की नाही, मी विचारलं नाही. विचारायची गरज पडली नाही.

तेराव्याला गुरुजींनी तांब्याचं पंचपात्र मागितलं. काकूंनी बोट दाखवलं. टाकी कोरडी, काचेवर मिठाचा पांढरा थर, आणि आत वाळूत ते भांडं, ठेवलं होतं तिथेच. मी उठलो. आत हात घालणार तोच थबकलो, आणि वळून दोन्ही तळवे पुढे केले, सवयीनं.

"घाला," काकू म्हणाल्या. "आता कोण हुंगतंय."

पंचपात्र हिरवं पडलं होतं. गुरुजी म्हणाले, "काकू, जरा चिंच लावून घासून आणता का?"

काकूंनी ते माझ्याकडून घेतलं आणि नाकाशी नेऊन हुंगलं, साहेब वाकायचे तसं वाकून. मग गुरुजींच्या पुढ्यात ठेवलं.

"मला नाही समजणार, गुरुजी," त्या म्हणाल्या. "यातच घाला पाणी."